काल गेला तो गेला : 'क्रिश ४' लिहिणाऱ्यांना नागपुरातून खुलं पत्र

श्री. राकेश रोशनजी, श्री. हृतिक रोशन आणि 'क्रिश ४'ची गोष्ट लिहिणारे सगळे लेखक यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय, कारण राग आणि माया एकाच वेळी बोलायची असली की मला दुसरी भाषा जमत नाही. मुंबईत ऑफिस आहे म्हटल्यावर मराठी वाचणारं कोणी तरी जवळ असेलच. त्यांच्याकडून वाचून घ्या.

आधी काम सांगतो. तिसऱ्या भागात मेलेल्या व्हिलनला, म्हणजे कालला, चौथ्या भागात परत आणू नका.

मार्च २०२५ मध्ये तुम्ही जाहीर केलंत की 'क्रिश ४' येणार, दिग्दर्शन हृतिक स्वतः करणार आणि राकेशजींच्या जोडीला आदित्य चोप्रा निर्माते असणार. तेव्हापासून आमच्या चौकातल्या पानठेल्यावर एकच वाद चालू आहे : व्हिलन कोण? बहुतेकांचं म्हणणं, कालच पाहिजे. विवेक ओबेरॉयला बोलवा, ती खुर्ची परत आणा, पैसे वसूल. मीही त्यांच्यातलाच होतो, हे कबूल करतो. २०१३च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाची खरेदी अर्धवट टाकून मी बहिणीला घेऊन बर्डीवरच्या टॉकीजमध्ये घुसलो होतो आणि इंटरव्हलला बाहेर येऊन पहिलं वाक्य बोललो होतो, "हिरोपेक्षा व्हिलनच भारी आहे बे."

शिवाय त्याच्या नावाने आमच्या घरात गोंधळ घातला तो वेगळाच. तुमच्या हिंदीत काल म्हणजे मृत्यू. आमच्या मराठीत काल म्हणजे आजच्या आधीचा दिवस. "काल मेला," असं मी पिक्चरबद्दल बोलत होतो, तर आत पोहे परतणाऱ्या आईने गॅस बंद करून विचारलं, "कोण मेला काल?"

माझं मत बदललं ते भाच्यामुळे. मागच्या मे महिन्यात तो सुट्टीला आमच्याकडे होता. वय नऊ, घरातलं नाव गोलू. नागपूरच्या मे महिन्यात अकरा वाजल्यावर पोट्ट्यांना दाराबाहेर सोडायची सोय नसते. मग कूलरसमोर चटई टाकायची, पडदे ओढायचे आणि काही तरी लावून द्यायचं. तीन दुपारींत त्याला तुमचे तिन्ही पिक्चर दाखवले. पहिल्यात जादू गेला तेव्हा तो रडला, दुसऱ्यात मास्क पाहून उड्या मारल्या. तिसरा संपला, नावं वर सरकायला लागली, तरी हा हलेना.

"मामा, काल क्रिशचा भाऊ होता ना?"

"हो. म्हणजे... हो, तसाच."

"मंग तो मेला तर कोणीच काऊन नाही रडलं?"

"अबे, व्हिलन होता तो."

"व्हिलन होता, पण भाऊ होता ना."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी उठून कूलरमध्ये पाणी टाकायला गेलो. पाणी आधीच भरलेलं होतं.

तुम्हाला तुमचीच गोष्ट सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण बारा-तेरा वर्षं झाली, म्हणून आठवण देतो. दुसऱ्या भागातला व्हिलन डॉक्टर आर्य याने क्रिशच्या बापाला, रोहितला कोंडून ठेवलं होतं, त्या काळात रोहितच्याच डीएनएवर प्रयोग करून एक मूल जन्माला घातलं गेलं. ते अपंग निघालं म्हणून आर्यने दूर केलं. तेच वाढून काल झालं. म्हणजे न विचारता, न सांगता रोहितचा दुसरा मुलगा. मानेखालचं शरीर निकामी, हलतात ती फक्त बोटं, आणि त्या बोटांच्या इशाऱ्यावर समोरचा माणूस हवेत. आपल्या शरीराचं औषध शोधायला तो माणसात जनावर मिसळून मानवर बनवत गेला. आपल्या हिंदी सिनेमाने असा व्हिलन आधी दिला नव्हता. मोगॅम्बोला जग पाहिजे होतं. कालला पहिल्यांदा स्वतःचं अंग पाहिजे होतं.

आणि तुम्ही काय केलंत? त्याला बरं केलंत. तो खुर्चीतून उठला, लोखंडाने मढला आणि क्रिशशी मारामारी करायला लागला. माझ्या मते त्या क्षणी काल संपला. दोन बोटं हलवणारा काल पाहताना टॉकीजमध्ये कोणी कुरमुऱ्याची पुडीसुद्धा वाजवत नव्हतं. लोखंडी काल आला आणि मागच्या रांगेतले लोक मोबाइल काढून बसले. इमारती पाडणारा पहिलवान आम्ही तोवर इंग्रजीत पुष्कळ पाहिला होता. खुर्चीतला माणूस उभा राहिल्याशिवाय लढाई होऊच शकत नाही, असं कोणी ठरवलं, हे मला आजही कळलेलं नाही. पण तो वेगळा विषय.

आता तुमच्या बाजूने विचार करतो. परत आणायचाच म्हटलं तर रस्ते किती आहेत? एक, मेला तो खरा काल नव्हताच, रूप बदलणारा कोणी मानवर होता. कालनेच बनवलेली काया रूप बदलू शकत होती, म्हणजे दार तुम्ही आधीच उघडं ठेवलंय. कृपा करून त्या दारातून जाऊ नका. काया ज्या पद्धतीने मेली, ती या मालिकेतल्या मोजक्या खऱ्या मरणांपैकी एक आहे. तिच्या विद्येचा असा उपयोग केलात तर तिचंही मरण खोटं वाटायला लागेल. दोन, तो वाचला होता आणि इतकी वर्षं कुठे तरी लपून होता. हा डाव तुम्ही २००६ मध्ये रोहितसाठी खेळून झालाय, आणि चांगला खेळलात. सगळे मेला म्हणून बसले होते आणि तो जिवंत निघाला. तेच पत्त्यांचं पान दुसऱ्यांदा टाकलं की पिसणाऱ्यावर संशय येतो.

तीन, डीएनए. एकदा बनवला, पुन्हा बनवू.

मी नागपुरातल्या महाल भागात झेरॉक्सचं दुकान चालवतो, म्हणून या तिसऱ्या रस्त्याबद्दल मला थोडं अधिकाराने बोलता येतं. रोज कोणी ना कोणी झेरॉक्सची झेरॉक्स घेऊन येतं. टीसीची, सातबाऱ्याची, आजोबांच्या जातीच्या दाखल्याची. मी विचारतो, ओरिजिनल कुठंय? उत्तर ठरलेलं : हरवलं, यावरूनच काढा. काढतो. अक्षर फिकं होतं आणि ठिपके गडद होतात. चौथ्या-पाचव्या प्रतीला सही दिसेनाशी होते, पण मूळ कागदाला कधी काळी मारलेली घडी मात्र जाड काळी रेघ होऊन बसते. व्हिलनचंही तसंच होतं. दुसऱ्यांदा आणला की त्याचं दुःख फिकं आणि नखरे गडद.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. ज्यांची आपण नक्कल करतो म्हणून लोक आपल्याला बोलतात, ते हॉलिवूडवालेही यात ठेचकाळलेत. २०१९ मध्ये मार्व्हलच्या 'एन्डगेम'ला मी भाच्याच्या बापासोबत गेलो होतो. आधीच्या भागात अर्धं जग एका चुटकीत संपवणाऱ्या थॅनोसचं मुंडकं थॉरने सुरुवातीलाच उडवलं. सगळी टॉकीज गप्प. मला वाटलं, आता खरा पिक्चर सुरू झाला : ज्याच्यावर सूड घ्यायचा तोच नाही, आता हे लोक करतील काय? मग शेवटच्या लढाईला थॅनोस हजर. पण हा २०१४ मधला, ज्याने ते पाप अजून केलेलंच नव्हतं. वांडा त्याला म्हणते, तू माझं सगळं हिरावून घेतलंस. तो म्हणतो, मी तुला ओळखतही नाही. माझ्या शेजारचा माणूस मोठ्याने हसला. पण बिचारा थॅनोस खरं तेच सांगत होता. ज्याने केलं तो आपल्या झोपडीत मरून गेला होता, आणि मार खायला त्याचा तरुणपणीचा अवतार उभा केला होता. मारामारी जोरदार झाली. हिशोब मात्र राहून गेला.

थॉरच्या भावाचं, लोकीचं तर विचारूच नका. तो इतक्यांदा मेला की खरा मेला तेव्हा आमच्या रांगेतल्या कोणी डोळे पुसले नाहीत, उलट आता कुठून उगवतो म्हणून वाट पाहत बसले. जुलै २०२४ मध्ये मार्व्हलने जाहीर केलं की डॉक्टर डूम रॉबर्ट डाउनी ज्युनियर करणार. म्हणजे मेलेल्या हिरोच्या, आयर्न मॅनच्या चेहऱ्याचा नवा व्हिलन. टाळ्या प्रचंड पडल्या. माझ्या मनात फक्त झेरॉक्स मशीनचा हिरवा दिवा चमकून गेला.

पण मी एकतर्फी बोलणार नाही, कारण परत आलेले आणि मला पटलेले व्हिलनही आहेत. २००२ मध्ये स्वतःच्याच ग्लायडरचं पातं लागून मेलेला स्पायडरमॅनचा व्हिलन ग्रीन गॉब्लिन २०२१ मध्ये परत आला. त्याला मरायच्या आधीच उचलून आणलं होतं, त्यामुळे जुनं मरण खोटं ठरलं नाही. दुसरं म्हणजे तो जुन्या पापांच्या जोरावर आला नाही. त्याने स्पायडरमॅनच्या, म्हणजे धाकट्या पीटरच्या मे काकूला मारलं, नवं वैर नव्याने कमावलं. आणि तेच ग्लायडर उचलून धाकटा पीटर त्याला संपवायला निघाला, तेव्हा मधे कोण उभं राहिलं? २००२च्या पिक्चरमधला तो मोठा पीटर, ज्याने एकोणीस वर्षांपूर्वी त्याला त्या पात्याने मरताना पाहिलं होतं. एक शब्द न बोलता नुसतं ते ग्लायडर धरून अडवतो. याला म्हणतात परत येणं.

तरी माझं खरं बोट आहे ते किलमाँगरवर. २०१८च्या 'ब्लॅक पँथर'चा व्हिलन, हिरो टचालाचा चुलत भाऊ. यांच्याच घराने टाकलेलं पोर. काही ओळखीचं वाटतं का? टचाला त्याला भोसकतो, मग स्वतः आधार देऊन बाहेर आणतो आणि त्यांच्या देशाचा, वाकांडाचा सूर्यास्त दाखवतो, कारण मेलेल्या बापाने त्याला लहानपणी त्या सूर्यास्ताच्या गोष्टी सांगितल्या होत्या. तिथे तो मरतो. गोलूच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका सीनमध्ये आहे. पुढे २०२२ मध्ये दुसरा भाग आला. टचालाची बहीण शूरी पूर्वजांना भेटायला जाते, तिला वाटतं आई दिसेल, आणि सिंहासनावर बसलेला दिसतो किलमाँगर. एकच सीन. जिवंत झाला नाही, लढला नाही. घरातला मेलेला माणूस जसा स्वप्नात येऊन टोचतो, तसा आला आणि तिला नको असलेला प्रश्न विचारून गेला.

विवेक ओबेरॉय असा येणार असेल तर माझी अजिबात हरकत नाही. पहिलं तिकीट मी काढतो.

तुम्ही म्हणाल, नागपूरवाल्याला मेलेला व्हिलन परत येण्याचं एवढं वावडं का? उलट आमच्याइतकी सवय कोणालाच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत, म्हणजे बांबू-कागदाची भली मोठी बाईची प्रतिमा, मिरवणुकीने निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. काळीबद्दल सांगतात की भोसल्यांच्या घरातली बाकाबाई इंग्रजांना मिळाली, तिच्या निषेधात ही निघाली. पिवळी लोकांचं रक्षण करणारी, तिला बाया हात जोडतात. सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे असतात, कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, ज्या वर्षी जे डोक्यात बसलं असेल त्याचा. इतवारीत दोघी समोरासमोर येतात तेव्हा मुंगीला पाय ठेवायला जागा नसते, आणि सगळी गर्दी एका सुरात ओरडते, "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" मग मारबत जाळतात.

पुढच्या वर्षी ती पुन्हा हजर. दरवर्षी. म्हणजे जगातला सगळ्यात जास्त सिक्वेल झालेला व्हिलन आमच्या गल्लीतला आहे म्हणा ना.

लहानपणी मी जागनाथ बुधवारीत ती बनताना पाहत उभा राहायचो. आधी नुसता बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, आरपार पलीकडची भिंत दिसायची. मग खळ लावून कागदावर कागद. एकदा मी तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराला विचारलं, "बाबा, मागच्या वर्षीची कुठंय?" त्याचे हात कोपरापर्यंत खळीने भरलेले. मान वर न करता म्हणाला, "जाळली ना बे, तू नव्हता का?" बस. ती लपली होती, तिची जुळी बहीण होती, जळली ती दुसरीच होती, असलं काही नाही. जाळली. ही नवी आहे. जुनी जळालेली कामटी कोणी राखेत शोधत बसत नाही. नवीन बांबू, नवीन कागद आणि त्या वर्षीची नवी पीडा.

तुम्ही हे एकदा केलेलं आहे, हेच मला आठवण करून द्यायचंय. डॉक्टर आर्य २००६ मध्ये मेला. इतका मोठा नट, नसीरुद्दीन शाह. मोह झाला असेलच. तरी तिसऱ्या भागात आर्य उठून आला नाही. आलं ते त्याने मागे टाकलेलं पोर. व्हिलन मेला, त्याची करणी चालत आली. सात वर्षांनंतरचा सिक्वेल त्या एका विचारावर उभा होता. मग आता तोच रस्ता सोडून राखेत कामट्या का शोधायच्या?

कालने मागे काय सोडलं, ते पाहा. आधी रोग पसरवायचा आणि मग त्याचं औषध विकायचं, हा त्याचा धंदा. २०१३ मध्ये मला तो भाग पोरकट वाटला होता. असं कुठे असतं का, म्हणून बहिणीजवळ चेष्टाही केली होती. नंतर एप्रिल २०२१ आला. विषाणू कोणी बनवला वगैरे व्हॉट्सॲपी गप्पा मला करायच्या नाहीत, त्यात मला रस नाही. मी दुसऱ्या टोकाबद्दल बोलतोय. नागपुरात बेड मिळत नव्हते, रेमडेसिविरसाठी आमच्या हायकोर्टाच्या खंडपीठाला मधे पडावं लागलं होतं. माझे वडील ॲडमिट होते. कोणाच्या तरी ओळखीने मिळालेल्या एका नंबरवर मी फोन लावला. पलीकडच्या माणसाने आधी किंमत सांगितली नाही. आधी विचारलं, "पेशंट कोण लागतो?" मी म्हटलं, वडील. मग त्याने आकडा सांगितला. माझ्या मागे रांगेत असलेल्या एकाने त्याच नंबरवर सासऱ्यासाठी विचारलं होतं. त्याला कमी सांगितला.

इंजेक्शन पुढे सरळ मार्गाने मिळालं, वडील घरी आले. पण तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. शांत, सभ्य, जराही घाई नसलेला. त्याला दोन बोटंसुद्धा हलवावी लागली नाहीत.

असा माणूस चौथ्या भागात आणा. कालच्या कंपनीत पगारावर काम करणारा कोणी, मालक मेल्यावर फायली घरी घेऊन गेलेला. त्याला उडता येत नाही, त्याच्यात जनावर मिसळलेलं नाही, त्याला मास्क लागत नाही. क्रिश त्याला एका बुक्कीत मारू शकतो, आणि मारून काही होत नाही. हिरोसाठी यापेक्षा अवघड दुश्मन मला सुचत नाही. मानवरांपैकी कोणी उरले असतील तर तेही आहेतच. त्यांनी तर असं जन्मायला कोणाला सांगितलं नव्हतं.

आणि एक पोरगा आहे. तिसऱ्या भागाच्या शेवटी प्रिया आणि कृष्णाला, म्हणजे क्रिशला, मुलगा झाला, हातात शक्ती घेऊनच आला. तुमच्या गोष्टीत वर्षं आमच्यासारखीच सरत असतील तर तो आता बारा-तेराचा झाला. या वयात पोट्टे शांत बसत नाहीत. घरात एक आजोबा फोटोत आहेत, त्यांची गोष्ट त्याला पाठ असणार. पण त्याला एक काकाही होता. त्याचा फोटो कुठंय? कृष्णा त्याला काय सांगणार? दुष्ट होता, मी मारला, झोप आता? आपल्या घरांत असा एक काका असतोच, ज्याचं नाव निघालं की मोठी माणसं उठून पाणी प्यायला जातात. माझंच पाहा, मी कूलर भरायला गेलो होतो.

हा प्रश्न मुलाने विचारला की काल पडद्यावर येतो. खुर्ची न आणता, डीएनए न उकळता, विवेक ओबेरॉयला एक दिवसही मेकअपला न बसवता. आणि कृष्णाला जे २०१३ मध्ये रडायचं राहिलं, ते रडायला एक जागा मिळते. तुम्हाला बापलेकांनी मिळून हा पिक्चर करायचाय, मग बापलेकांचा हा सीन तुमच्यापेक्षा चांगला कोण करणार?

एवढं लिहूनही कालला आणलात, तर मी पाहायला येणार नाही असं खोटं सांगत नाही. येईन. गोलूलाही आणीन. पण मग मधेच त्याने काही विचारलं तर या वेळी मी कूलरकडे जाणार नाही, तुमचा पत्ता देईन.

आपला,
एक झेरॉक्सवाला प्रेक्षक
महाल, नागपूर

ता. क. : सुट्टी संपून जाताना गोलूने दुकानातल्या रद्दी कागदाच्या पाठीमागे एक चित्र काढून दिलं. मास्क घातलेला क्रिश, त्याचा हात धरलेला छोटा क्रिश, आणि मागे भिंतीवर दोन फोटो, दोन्हींना हार. एका फोटोखाली लिहिलंय आजोबा. दुसऱ्यातल्या माणसाला त्याने चेहरा काढलेला नाही, फक्त खुर्ची आणि खुर्चीच्या दांड्यावर दोन बोटं. ओरिजिनल माझ्या गल्ल्यात आहे, ते मिळणार नाही. पाहिजे असेल तर झेरॉक्स पाठवतो.